दोन बोटं

जालन्यात, आयटीआयच्या मागच्या खोलीत,
जिथं पूर्वी शिलाईचा वर्ग भरायचा,
आम्ही जमिनीवर एक फळी टाकलीय.
जुन्या बाकाची, सागवानी,
दोन बोटं जाडीची.
बाकी सगळं मशीन दाखवतं :
मनोरा, तारा, तळाशी मुंगीएवढे ट्रक,
लांब रोलिंग मिलचा धूर.

माझं काम कोपर धरून उभं राहायचं,
कुणी पडू नये म्हणून.
माणसं जमिनीवरून जमिनीवर पडतात
आणि खरंच लागतं.

तीनशेवर वायरमन झाले आतापर्यंत.
सगळ्यांना आधीच सांगते, ही शहाबादी फरशी,
हिच्याखाली काही नाही.
हो मॅडम, म्हणतात. हसतात एकमेकांकडं बघून.
मग चष्मा चढतो
आणि गुडघे मला ओळखत नाहीत.
डोक्याला ठाऊक असतं, ते डोक्यातच राहतं.
तळव्याला फळीची कड लागते
आणि तळवा साक्ष देऊन मोकळा होतो :
कड आहे, म्हणजे दरी आहे.
खोट्याला उभं राहायला
फार खरं लागत नाही.
दोन बोटं पुरतात.

बुधवारी मुंजाजी ढवळे आले, मंठ्याहून.
एकोणतीस वर्षं खांबावर.
डाव्या हाताची शेवटची दोन
अकरा हजारांच्या लाईननं नेलेली.
फळीवरून चालले ते
बांधावरून घरी निघाल्यासारखे.
माझ्या हातातलं कोपर निवांत.
मी मनातल्या मनात फॉर्मवर शून्य टाकून ठेवलं.

अर्ध्यात थांबले.
डावा हात तोंडासमोर धरला.
मशीनला कुणी सांगितलेलं नव्हतं.
मशीन सगळ्यांना पाच-पाचच देतं.

"मॅडम, ही कुणाची?"
तुमचीच, मी म्हटलं.
मग बराच वेळ पंख्याचा आवाज.
उजव्या हातानं ते
डाव्याच्या शेजारची हवा चाचपत होते,
हळू,
झोपलेल्याच्या अंगावरची माशी उठवावी तसं.
"करंगळीला मुंग्या यायल्यात."
आणि आता कोपर थरथरलं.
खाली एकशेवीस फूट होते, तिकडं त्यांचं लक्षही नव्हतं.

बारा मिनिटं झाली की चष्मा काढायचा असतो.
मी सोळाव्या मिनिटाला काढला.

फॉर्मवर पहिलाच प्रश्न :
आपण तिथं आहोत असं किती वाटलं? एक ते सात.
मी पेन घेऊन बसले.
त्यांनी हात टेबलाखाली नेला, परत वर आणला,
पालथा ठेवला फॉर्मच्या कडेला.
"तिथं मी सगळा होतो," म्हणाले.
"इथं दोन कमी."
आकडा द्यावा लागतो काका.
"मंग तुम्हीच टाका.
तुमी बाहेर उभ्या होत्या, तुम्हाला दिसलो असंल."

साडेचारची मंठा गाडी गाठायची होती.
पिशवी घेतली, चप्पल घातली,
आणि दाराकडं जाताना
जमिनीवरच्या फळीला
वळसा घालून गेले.

मला कधीच काही होत नाही त्या चष्म्यात.
सुरुवातीला व्हायचं. आता मनोरा म्हणजे चित्र,
धूर कुठल्या फाईलमधला तेही माहीत.
संध्याकाळी खोली झाडून झाली,
कुलूप हातात होतं.
डावी करंगळी आणि तिच्या शेजारचं
घट्ट मिटून घेतलं तळहातात
आणि चष्मा चढवला.

मशीननं दोन्ही उघडून दाखवली.
सरळ, गुळगुळीत, कुणाचीही.
मिटलेली माझी आत नखं रुतवत होती
आणि समोरची वाऱ्यात शांत होती.

फळीवर पहिलं पाऊल टाकायला
मला वेळ लागला.
कोपराला कुणी नव्हतं.