आठ तारीख

अप्पर इंदिरानगरच्या वैजयंता शेलारने
एकच गोष्ट पाच खिडक्यांवर सांगितली.
पाचही ठिकाणी पंखा होता, पंख्याखाली वही.
पहिल्या खिडकीवर ती रडली.
दुसरीवर थोडी कमी.
पाचव्या, म्हणजे माझ्या टेबलाशी,
रेशनकार्डाचा नंबर सांगावा तसं सांगू लागली:
कुठे मारलं, कशानं मारलं, मुलगी कुठे होती.

मी संरक्षण अधिकारी.
पाटीवर तसं लिहिलंय.
आणखी दोन पदं रिकामी आहेत, तीही माझ्याकडेच.
मी म्हटलं, बाई, पुन्हा एकदा सुरुवातीपासून सांगा.
दळण हरवलेल्या गिरणीवाल्याकडे पाहावं
तसं तिनं माझ्याकडे पाहिलं.
म्हणाली, मागच्या चौघांनी लिहून घेतलंय की.
काय करता तुम्ही लोक त्याचं?

उत्तर नव्हतं. चहा मागवला.

तिची परवानगी घेऊन गुरुवारी सगळ्यांना बोलावलं.
तसा जीआर होताच, फायलीत, पिवळा पडत.
ससूनहून डॉक्टर तुंगारे आल्या, रात्रपाळी डोळ्यांत घेऊन.
चौकीतून हवालदार बनकर, हेल्मेट मांडीवर.
विधी सेवेचे वकील कदरे,
त्यांना तीनला शिवाजीनगर कोर्टात परत पोचायचं होतं.
आणि शाळेच्या तांबोळी मॅडम. त्यांचं नाव यादीत नव्हतं,
वैजयंतानंच सुचवलं.

कुणाचं पत्र कुणाला पोचलं नाही
यावर अर्धा तास गेला.
बनकर म्हणाल्या, आम्ही एनसी घेतली होती.
डॉक्टर म्हणाल्या, आमच्याकडे नोंद आहे,
बाथरूममध्ये पाय घसरून.
तीन वेळा?
तीन वेळा. नवरा पडद्याशी उभा असायचा.
मग बराच वेळ सगळे बिस्किटांकडे बघत बसले.

तांबोळी मॅडमनी हजेरीपट उघडला.
ओवी शेलार, दुसरी ब.
गैरहजर: नऊ सप्टेंबर. नऊ ऑक्टोबर. नऊ डिसेंबर.
डॉक्टरांनी केसपेपर शेजारी सरकवले:
आठ, आठ, आठ. सगळे रात्रीचे.
बनकरांचं बोट डायरीवर थांबलं:
नऊ ऑक्टोबर, पहाटे.

वैजयंताला फोन लावला. मागे मसाला पॅकिंगचं मशीन खडखडत होतं.
आठ तारखेला काय असतं हो?
ती जराशी थांबली.
सातला पगार होतो, म्हणाली. माझा.
आठला तो हिशेब मागतो.

एकेक कागद सुटा होता तोवर अपघात होता.
शेजारी शेजारी ठेवले, तर कॅलेंडर निघालं.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशी
पाच फेब्रुवारी होती.

कदरे तीन वाजायचं विसरले. अर्ज तिथेच लिहायला बसले,
घर कुणाच्याही नावावर असो, तिला बाहेर काढता येत नाही,
हे स्वतःशीच मोठ्यानं म्हणत.
डॉक्टर म्हणाल्या, उद्या पाठवा तिला. एकटीला.
पडदा मी ओढीन.
बनकर म्हणाल्या, रविवारी संध्याकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी लावते.
वर्दीत येते. दिसू दे.

सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही.
कोर्टानं एकोणीस दिवसांनंतरची तारीख दिली.
निवारागृहात खाट नव्हती, मग होती, मग नव्हती.
ती म्हणाली, मी जाऊच कशाला? घर सोडायचं तर त्यानं.

आठला तो साडेनऊला आला,
गाडी पाहिली, पानटपरीपर्यंत परत गेला,
अकराला येऊन न जेवता झोपला.
बनकरांनी फोनवर एवढंच सांगितलं.
अहवालात "काही घडलं नाही" असा रकाना नसतो.
मी पट्टी घेतली आणि आखला.

नऊला सकाळी सव्वासातला तांबोळी मॅडमचा मेसेज.
दोन शब्द. ओवी हजर.

पुढची आठ तारीख मार्चमधली, महिला दिन.
कार्यालयात रांगोळी स्पर्धा, पाहुणे, शाल-श्रीफळ.
मी बनकरांना विचारलंय,
त्या दिवशी बंदोबस्तातून संध्याकाळी सुटाल का.
बघते, म्हणाल्या.