पांढरी पाचच्या किंचित वर

पिसुर्ल्याचे फटी मास्तर
पेटीतला तानपुरा काउंटरवर ठेवतात,
टॉवेलात गुंडाळलेला, पोदेराकडच्या पावासारखा.
"लावला की गुणगुणतो," ते म्हणतात,
"सा कळतो, प कळतो, हा तिसरा कोण?
पांढरी पाचच्या किंचित वर.
काळी चारपर्यंत पोचतही नाही मेला."

मीटरला हात लावण्याआधीच
त्यांनी दुखणं सांगून टाकलेलं:
सेकंदाला शंभर कंपनं, मेनच्या दुप्पट.
म्हणजे चारी डायोड जिवंत
आणि त्यांच्यामागे कुणीतरी थकलेलं.

चार स्क्रू. पाचवा कधीचाच हरवलाय.
आत धूळ. डिचोलीच्या बाजारातली नव्हे,
खाणीची, तांबडी, जड,
स्पीकरच्या चुंबकाला दाढीसारखी धरून बसलेली.
ट्रक थांबून किती वर्षं झाली,
इथली खेप अजून उतरायची आहे.

ब्रश. मग सिरीजचा दिवा,
भिंतीवरचा, साठ वॅटचा.
स्विच दाबला की एकदा डोळे वटारतो
आणि हळूच मंद होतो: जा पुढे, शॉर्ट नाही.
ट्रान्सफॉर्मर ठीक. त्याचे बारा बाराच.
डायोडच्या पलीकडे मात्र नऊ, साडेनऊ, पुन्हा नऊ,
धक्क्याला बांधलेल्या होडीसारखा आकडा.

कपॅसिटर. डोकं फुगलेलं,
बुडाशी तपकिरी काहीतरी, काजूच्या डिंकासारखं.
त्याचं काम एवढंच होतं,
दोन लाटांमधल्या खळग्यात आपल्याकडचं थोडं ओतत राहायचं
आणि कुणाला खळगा कळू द्यायचा नाही.
नवा शेजारी नुसता टेकवला
तर मास्तरांची मान वर:
"गेला."

इथे थांबायला हवं होतं.
पण सवयीनं फ्यूजचं घर उघडलं
तर काचेची नळी नाही.
तांब्याची तार, दोन वेढे,
आणि डागाला बारीक शेपटी.
शेपटी राहते ती माझ्या हाताची.

त्या वर्षी चवथ दोन दिवसांवर आलेली,
दुकानात रांग, अर्ध्या अँपिअरचे फ्यूज संपलेले,
मी बावीस वर्षांचा.
"झालं मास्तर," म्हणालो होतो, "आता जन्मभर चालेल."

चालला की.
दरवर्षी माटोळीखाली, लाकडी फळीवर,
रंगीत कागदाला टेकून,
रात्र रात्र भजनं होईपर्यंत चालला,
जळण्याआधी तुटेल असं
आत काहीच नसलेला.

तार कापली. चिमट्यानं उचलून खिशात टाकली.
नळी बसवली, जुना कपॅसिटर उपटला,
नव्याचे पाय वाकवले, टाके दिले.
या वेळी शेपट्या खुडल्या.

सा. प. वरचा सा.
मास्तर डोळे मिटून मधल्या जागेत कान लावून बसतात,
बराच वेळ.
"रितें दिसता मरे," म्हणतात.

मग पाकीट काढतात. "किती?"
"कपॅसिटरचे चाळीस."
"आणि फ्यूज?"

मी ब्रश झटकत राहतो.
काउंटरवर तांबडी रेघ उमटते, ती पुसतो,
ती अजून पसरते.

"मागच्या खेपेला घेतलेस," मास्तर सांगतात,
"फ्यूजचे दोन रुपये. माझ्या लक्षात आहे."
आवाजात काही नाही. सरळ, शुद्ध, एक स्वर.

टॉवेल. पिशवी.
बाहेर होंड्याची बस हॉर्न देतेय.
दहाच्या चार नोटा ते एकेक करून ठेवतात,
त्यांवर, जरा बाजूला,
दोनाचं एक नाणं.