दाब, धर, सोड

उद्यमनगरात, लेथच्या रांगेमागं
इलाही शिकलगारचा खड्डा आहे.
खड्ड्यावर माझी मारुती, शहाण्णव सालची,
माझ्याआधी तिघांच्या हाताखालून गेलेली.
खड्ड्यात इलाही, कपाळाला बॅटरी बांधून.
वर मी, हातात पर्स,
डोक्यात आजचे बारा डबे
जे रिक्षानं पाठवले, भाडं एकशेवीस.

काल कावळा नाक्याला पेडल गेलं.
अंधारात एक पायरी जास्त धरावी
आणि ती नसावी, तसं गेलं.
पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या.
हँडब्रेक ओढला, आईचं नाव घेतलं;
लोंबणारा एक ऊस बॉनेटवर टेकला
डोक्यावर हात ठेवल्यासारखा.

"वैनी, पाइप न्हवं हे, पापड हाय."
नखानं खरवडतो. तांबूस पापुद्रे
त्याच्या दाढीत पडतात.
"पाणी आलतं काय गाडीत?"

आलं होतं.
दुधाळीच्या बाजूनं पंचगंगा गल्लीत शिरली
आणि चार दिवस हिच्या पोटाखाली मुक्कामाला राहिली.
सीटा मी उन्हात टाकल्या, गाळ धुतला,
नंबरप्लेटला हळदकुंकू लावलं.
पण नळीला धरून बसलेल्या क्लिपच्या मुठीत
चिमूटभर चिखल राहिला,
आणि नदी तिथंच, कुणाला न सांगता, जेवत बसली.

जे धरून ठेवतं तेच कुजवतं,
असलं काहीतरी मला सुचत होतं,
तेवढ्यात इलाही म्हणाला, "दहाचा पाना द्या,"
आणि मी पाना दिला.

तेवढाच तुकडा बदलला तर? मधे जोड मारून?
तो वर आला. हात पुसले.
"तुमी शिळ्या आमटीत गरम पाणी घालून डबा देताय का?"
मी म्हटलं, एकदा दिलाय.
हसला. मग हसणं पुसलं, हातांसारखंच.
"ब्रेकला एकदा नसतंय, वैनी."

नट गोल झालेला. डिझेल, हातोडीची टिचकी,
शिव्या, बाई उभी म्हणून अर्ध्याच.
दुपारी कधीतरी सुटला.
जुनी नळी फरशीवर ठेवली, अकरा वळणांची,
शेजारी नवी, सरळसोट, अजून काहीच न बघितलेली.
तौफिकनं सॉकेटवर टेकवून ती वाकवली
जुनीकडं बघत, एकेक वळण,
नातवानं न बघितलेल्या आज्याची चाल उचलावी तशी.

"बसा आत. मी सांगीन तसं."

दाबा.
दाबलं.
धरा.
धरलं. पेडल पायाखाली हळूहळू बुडालं,
खाली बाटलीत बुडबुडे.
सोडा.

आधी सोडायचं नाही, नाहीतर नळी हवा परत ओढते.
मला तो दिसत नाही, त्याला मी दिसत नाही.
त्याची बोटं माझ्या पायावर, माझा पाय त्याच्या शब्दावर.
वाघबिळाच्या उतारावर वडील सांगायचे,
ब्रेकवर जगू नको, गिअरात उतर.
ते बरोबरच होतं.
पण त्यांनी कधी खड्ड्यात उतरून बघितलं नव्हतं.

तिसऱ्या चाकाला "दाबा"चं "दाब" झालं.
दाब. धर. सोड.
कुणाच्या लक्षात आलं नाही,
म्हणजे माझ्या आलं.
चौथ्या चाकाला बुडबुडे संपले,
पेडल वरच थांबलं, दगडासारखं,
आणि तो बाहेर येऊन पुन्हा "वैनी, बघा" म्हणाला.

बिल दोन हजार सहाशे. बाराशे रोख,
बाकीचे डब्यांत फेडायचे ठरले.
"ताजी आमटी," तौफिक म्हणाला, आणि पळाला.

दुसऱ्या दिवशी नाक्याला मुद्दाम जोरात दाबलं.
गाडी थांबली.
मागच्या सीटवरचा डबा थांबला नाही;
झाकण उडालं, आमटी माझ्या खांद्यावरून
डॅशबोर्डपर्यंत आली.
मागून हॉर्न वाजत होते.
मी पाय काढला नाही,
अजून कुणी "सोड" म्हटलं नव्हतं.