बीज : ४११०४१

रात्री साडेअकराला सोसायटीत शेवटचा टँकर रिकामा होतो,
मोटर थांबते,
मग मी ग्रह करायला घेते.

दिवसभर चाकणला गॅस्केटची ड्रॉइंगं.
भोकाचा व्यास, पाच शतांशाचा टॉलरन्स, कोपऱ्यात सही.
इथं भोकं मोजायची नाहीत.
चारशे विवरं, पडा कुठंही,
एवढं एका ओळीत लिहायचं
आणि यंत्र फासे टाकतं.

फासे तरी कसले.
आधी त्याला एक आकडा द्यावा लागतो, बीज म्हणतात त्याला.
तोच आकडा दिला की तोच ग्रह,
उत्तर ध्रुवाशी तोच ओरखडा.
मी घरचा पिनकोड दिला.
उगवलं ते तांबूस, जरासं चेपलेलं,
आमच्या धायरी फाट्यासारखं
जागोजाग खणून तसंच ठेवलेलं.

ढगांना नॉइजचे आठ थर,
प्रत्येक आधीच्याच्या निम्म्या जोराचा.
जमिनीसाठी गीझरची कॉइल स्कॅन केली,
बोअरच्या पाण्याचा नऊ वर्षांचा क्षार.
प्लंबर सणस म्हणाला, टाकून द्या ताई.
मी ती ओढणीच्या पिशवीत जपून ठेवलीय.

तारे सगळ्यात सोपे,
काळ्या थरावर पांढरे ठिपके, तीन ओळी.
खिडकीतून खरे दिसतात पाच-सहा,
सिंहगडाच्या टॉवरचा लाल दिवा धरला तर सात.

भाऊंना झोप नसते.
चव्वेचाळीस वर्षं कॅम्पातल्या स्टुडिओत रिटचिंग केलं.
होमीशेठ फोटो धुवायचे, भाऊ त्यावरची धूळ काढायचे.
निगेटिव्हवर कण बसला की प्रिंटवर पांढरा ठिपका,
नवऱ्या मुलाच्या कोटावर, बारशाच्या पाळण्यावर,
तीन केसांचा ब्रश, जिभेवर टोक करून
एकेक ठिपका ते आजूबाजूच्या अंधारात मिळवून टाकायचे.
घरी आले की चहाही त्यांना शाईसारखा लागायचा.

आता एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय.
तो डोळा स्क्रीनला टेकवून म्हणाले,
"धूळ राहिलीय गं."
"तारे आहेत ते."
"एवढे?"
"नऊ हजार."
दुकान बंद करताना कुणी लग्नाचा अख्खा आल्बम आणून द्यावा
तसा त्यांनी सुस्कारा टाकला.

मग, "उजेड कुठनं येतोय?"
"डावीकडनं."
"मग खड्डे उजवीकडनं का उजळलेत?"

मी वर गेले, खाली आले, कोड चाळला.
एक उणे चिन्ह.
अकरा रात्री मी त्या चिन्हाच्या पलीकडून बघत होते,
म्हणून तर ती विवरं मला
फोडांसारखी वर आलेली वाटायची.
चिन्ह खोडलं. चारशे फोड
एकदम आत बसले.

पुन्हा रेंडर. चाळीस मिनिटं.
भाऊ उठले नाहीत. डार्करूममध्ये बसायचे तसे बसले,
प्रिंट वर येईपर्यंत बोलायचं नाही.
चौकोन चौकोन करत ग्रह उमटत गेला
आणि त्यांचा हात मांडीवर हलत राहिला
ट्रेमधला कागद हलवावा तसा.

"बरा झालाय," म्हणाले. "एक ठिपका काढ मात्र.
तो बघ, ग्रहाच्या अंधाऱ्या भागावर.
तिथनं तारा दिसायला
ग्रह काय काचेचा आहे?"

नऊ हजारांत तो एक.
मी ब्रश तीन पिक्सेलचा केला
आणि माउस त्यांच्या हाताखाली सरकवला.
सवयीनं त्यांचं बोट आधी जिभेकडे गेलं.
मग त्यांनी तारा विझवला.

फाइल दोन ठिकाणी सेव्ह केलीय.
पिनकोड पुन्हा दिला तर सगळं येईल,
ओरखडा, ढग, क्षार,
पण एक तारा जास्त येईल.