बुरसलेला भात

टोकावड्याच्या बाजारातून चिमीने पुडी आणली :
शिजल्या तांदळावर वाढवलेली हिरवी बुरशी.
मी म्हणालो, असला भात आपण कोंबड्यांनाही घालत नाही.

ती काही बोलली नाही.
शेणखतात कालवला,
वर ओलं गोणपाट,
आठ दिवस सावलीत,
ताप आलेल्या पोराला निजवावं तसा.
मग रताळ्यांच्या वरंब्यात मूठ मूठ.

पुडीवरचं नाव मला वाचता आलं नाही.
हुमणीलाही आलं नसावं.

कार्तिकात पहिला वरंबा फोडला.
रताळी लालबुंद, एखाददुसरं कुरतडलेलं,
आणि मुळांपाशी एक अळी,
वाकडी, कडक,
अंगभर हिरवी मखमल.

मी फेकणार होतो.
चिमीने हातातून घेतली, परत पुरली.
"राहू दे," म्हणाली,
"अजून कामाची आहे."