पॉटच्या पाठीला

लॅमिंग्टन रोडला कुतुबभाईंनी विचारलं, काय जोडायचंय?
गिटार म्हटल्यावर चष्मा कपाळावर गेला.
"जॅकला पंचवीस वॉट पुरेल.
पॉटच्या पाठीला साठ लागेल, टोक चपटं. सुई नको."
मी स्वस्तातली सुईच घेतली.

रात्री मालवणीच्या खोलीत
पिकगार्ड उलटा, तीन वायरी,
आणि पॉटच्या पत्र्यावर
थिजल्या डिंकासारखा करडा गोळा.
नखाने ढकलला, निघाला.

आई गवार मोडत होती.
सीप्झमध्ये अकरा वर्षं, दिवसाला चारशे बोर्ड.
आम्हाला ठाऊक ते एवढंच: कंपनीत होते.
हात पुसून म्हणाली, सरक.
मग सोल्डरिंगचं टोक बघून: हे परत दे.

दुसऱ्या दिवशी साठचं आलं.
टोकाला आधी कल्हई, ओल्या स्पंजवर चर्र,
पत्रा पॉलिश पेपरने खरवडून पांढरा.
"कथील नको तापवू. जागा तापव.
जागा तापली की ते आपणहून पसरतं."
राळेचा धूर तिच्या भुवयांत शिरला.
तिने मान वळवली नाही, श्वास धरला,
ओठांत काहीतरी मोजलं, उचललं.
वायर हलू दिली नाही. फुंकरही नाही.
थेंब निवला तरी ओला दिसत होता.

अँप लावला. बारीक गूं होतीच.
मी तारांवर तळवा ठेवला, थांबली.
"अर्थ लागला," आई म्हणाली,
आणि एकटीच हसली.
कंपनीतला जुना विनोद असावा,
तिच्या लाइनीतल्या कुणाला तरी
तो आत्ता सांगायला हवा होता.