सावलीचे वेगळे

मोरकॅम्बच्या किनाऱ्यावर, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर
आज सकाळपासून मी गंज तयार करते आहे.
खिडकीबाहेरच्या कठड्याला तो फुकट लागलाय,
खारा, बोटाला तांबूस पूड देणारा.
माझा मात्र टक्क्यांत मोजावा लागतो:
अठ्ठावीस फार होतो, एकोणीस ठीक.

गिऱ्हाईक कर्स्टी ऑर्मरॉड.
पणजीचं मासे-बटाट्याचं दुकान पुन्हा उघडते आहे.
"पाटी जुनी दिसली पाहिजे," ती म्हणाली,
"पण नवी हवी."
आणि मी मान डोलावली, जणू यात काहीच अवघड नाही.

जुन्या पाटीचा फोटो एकच, कृष्णधवल,
त्यातही अर्धी पाटी एका घोड्याआड.
म्हणजे रंग माझ्या मनाचे.

तर आधी अक्षरं. गलेलठ्ठ, पोट पुढे काढून
बँडस्टँडजवळ फोटोला उभी राहिलेली सात माणसं.
त्यांच्या पायाखाली कमान वाकवली.
मग सायीच्या रंगाची कड, तीन पिक्सेल.
आत लाल, खाली उतरता उतरता करपत गेलेला.
वर छपाईचे ठिपके, गोवर आल्यासारखे.
मग सावली.

उजेड कुठून येतो ते एकदाच सांगायचं असतं.
न सांगितलं तर सॉफ्टवेअर धरून चालतं:
वरून, डावीकडून, एकशेवीस अंश.
असा सूर्य या गावात
मी अकरा वर्षांत चारदा पाहिला असेल.

जेवणाच्या सुट्टीत, कुणी नाही असं बघून,
त्याच थरांवर मी आपली लिपी टाकली:
सायकली भाड्याने मिळतील.
इथली अक्षरं जमिनीवर उभी राहतात,
आपली वरून टांगलेली.
सावली दिली तर शिरोरेषेखाली आपोआप वळचण झाली,
आणि वेलांट्या, मात्रा तेवढ्या
बाहेर पावसात राहिल्या.
जतन करू का, असं विचारलं त्याने.
नको म्हटलं.

तिसऱ्या प्रहरी कर्स्टी आजोबांना घेऊन आली.
वॉल्टर. कोटावर समुद्राचं पाणी, हातात टोपी.
खुर्ची दिली तरी बसले नाहीत.
पडद्याकडे बराच वेळ बघून म्हणाले,
"ही मागची काळी पट्टी कसली?"

"सावली."

"आमच्या पाटीला सावली नव्हती.
रंगारी अक्षरामागे पैसे घ्यायचा,
सावलीचे वेगळे. अक्षराला अडीच शिलिंग.
आईने पाकीट उघडलं, मिटलं,
म्हणाली, नुसतंच लिहा."

मी थरासमोरचा डोळा मिटला.
सातही अक्षरं सपाट झाली,
भिंतीला पाठ चिकटवून उभी.
कर्स्टीला ते आवडलं नाही, तिने तोंडावर दाखवलं नाही.
खरं तेच होतं. मला वाटलं, काम झालं.

"दुकान बंद केल्यावर," ते तसेच बोलत राहिले,
"ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची,
चष्मा काढायची, आणि बघत राहायची.
चष्म्याशिवाय तिला सगळं दुहेरी दिसे.
प्रत्येक अक्षरामागे दुसरं एक, जरासं सरकलेलं.
म्हणायची, बघ वॉल्टर, फुकटात पडली."

खाली कागद कापायचं यंत्र दोनदा आपटलं.

"लाव परत," ते म्हणाले. "किती होतील?"

आम्ही सावलीचे वेगळे घेत नाही, मी म्हटलं.

"घ्यायला हवेत."

मी डोळा उघडला. पट्टी परत आली, काळीभोर,
खाडीकडच्या त्या दुकानासाठी अगदीच चुकीची.
मी विचारलं, संध्याकाळी उजेड कुठून यायचा?
त्यांनी टोपी खुर्चीवर ठेवली,
चष्मा काढून खिशात घातला,
आणि पडद्यापासून तीन पावलं मागे गेले.

मी तबकडीचा काटा फिरवू लागले, अंश अंश करत.
अजून, ते म्हणाले.
अजून थोडी.